पान उलटून बघा

ऑगस्टचा दुसरा आठवडा. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर चार दिवस ऊन पडलेलं नाही. पाऊसही धड नाही, नुसती झिमझिम आणि मधूनच डोंगराकडून उतरणारं धुकं. तुम्ही बटाट्याच्या शेताच्या बांधावर उभे आहात. पायाखाली चिखल, वाफसा यायचं नाव नाही. वरंब्यांवरचा पाला गुडघ्याला लागतोय. लांबून बघणाऱ्याला पीक झकास वाटेल.

शेतमालक वाकतो, बुडाजवळचं एक पान खुडतो आणि तुमच्या हातात देतो. पानाच्या टोकाला पाण्यानं भिजल्यासारखा, हिरवट-काळा, रुपयाएवढा डाग.

“उलटं करून बघा की,” तो म्हणतो.

पान उलटल्यावर डागाच्या कडेकडेनं पांढरी लव दिसते, इतकी बारीक की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. ही लव सकाळच्या दमट हवेत दिसते. ऊन चढलं की सुकते आणि मागे नुसता तपकिरी डाग उरतो. कृषी खात्याच्या पुस्तिकेत या रोगाला ‘उशिरा येणारा करपा’ म्हणतात. बांधावर त्याला नुसतं ‘करपा’ म्हणतात आणि तेवढ्यानं सगळ्यांना कळतं.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात चार सऱ्या वेगळ्या आहेत. पाल्याचा रंग जरा गडद. “ह्या चार सऱ्यांना फवारलं न्हाय,” मालक सांगतो. “नवं बेणं हाय, डोंगरातनं आणलेलं. म्हनलं बघू तरी किती दिवस टिकतंय ते.”

पान नाकाशी न्या. कुजक्या पाल्याचा मंद, ओला वास येतो. तो ओळखीचा करून ठेवा, पुढे लागेल. धुकं दाट होतं. आधी चार सऱ्या दिसेनाशा होतात, मग बांध, मग हातातलं पान.

धुकं विरतं तेव्हा तुम्ही घोडागाडीत बसलेले आहात. 27 जुलै 1846. कॉर्कहून डब्लिनला जाणारा रस्ता. याच रस्त्यावरून आज फादर थिओबाल्ड मॅथ्यू चालले आहेत, दारूबंदीच्या चळवळीमुळे आयर्लंडभर ओळखले जाणारे धर्मगुरू. दोन्ही बाजूंना बटाटा फुललाय. तुमच्या सरी-वरंब्याची आठवण व्हावी असेच उंच वाफे, एकाला लागून एक, टेकडीच्या उतारावर चढत गेलेले. मागच्या वर्षी पिकाचा मोठा भाग सडला होता. यंदा मात्र पाला असा तरारलाय की गाडीतला प्रत्येक जण खिडकीबाहेर बघून सुस्कारा टाकतो.

हा सुस्कारा समजून घ्यायचा तर त्या घरांमध्ये डोकावायला हवं. चुलीवर बटाटे, टोपलीत बटाटे, कोपऱ्यात डुकरापुढे टाकलेले तेही बटाटेच. राबणारा गडीमाणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खातो, सोबत जमलं तर ताक. 1841च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांच्या वर भरली होती. त्यातली तीसेक लाख माणसं जवळजवळ संपूर्णपणे या एका कंदावर जगतात. गरिबांच्या वाफ्यांत बहुतेक एकच वाण आहे, लम्पर. चवीला पाणचट, पण निकस जमिनीतही भरघोस. आणि बटाटा बेण्यानं लावतात. कंद चिरून डोळा पुरला की त्याच झाडाचा तुकडा पुन्हा उगवतो. म्हणजे या टेकडीवरचा लम्पर आणि पन्नास मैलांवरचा लम्पर हे भाऊ-भाऊ सुद्धा नव्हेत, ते एकच झाड आहे. एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल.

3 ऑगस्ट. तोच रस्ता, परतीचा. मध्ये फक्त एक आठवडा गेलाय. गाडीच्या खिडकीतून आधी वास आत येतो. हा वास तुम्हाला ठाऊक आहे. सातगाव पठारावर तो एका पानाचा होता, इथे कोसच्या कोस आहे. फुललेला पाला काळा पडून वाफ्यांवर आडवा झालाय. फादर मॅथ्यूंनी 7 ऑगस्टला लंडनमधल्या सरकारी अधिकाऱ्याला, ट्रेव्हेलियनला, पत्र लिहून हे कळवलं. अनेक ठिकाणी माणसं आपल्या सडत्या बागांच्या बांधांवर बसून हात चोळत आक्रोश करत होती, असंही त्यात आहे. मला या सगळ्या इतिहासात ते बांधावर बसणं विसरता येत नाही. शेतात जाऊन करण्यासारखं काही उरलं नाही म्हणजे शेतकरी बांधावर बसतो. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं गेली, तितकीच देश सोडून गेली. धान्य देशाबाहेर जात राहिलं, भाडं थकलेल्यांची घरं जमीनदारांनी पाडली. त्या पापाचा हिशेब करप्याच्या नावावर मांडता येणार नाही. पण आज तुम्ही पाल्यासाठी आला आहात, तेव्हा पुढे चला.

इंग्लंडमधल्या किंग्ज क्लिफ या गावी माइल्स जोसेफ बर्कली हे पाद्री सूक्ष्मदर्शकाखाली तीच पांढरी लव बघतात आणि 1846च्या जानेवारीतच छापून सांगतात, की ही बुरशी रोगातून उपजलेली नाही, रोगच हिच्यामुळे होतो. बहुतेकांना ते पटत नाही. अतिपावसानं झाडं पाणी पिऊन सडली, असं मोठे मोठे जाणकार म्हणतात. 1861 मध्ये जर्मनीत अँटन द बारी निरोग्या पानांवर हिचे बीजाणू सोडून रोग घडवून दाखवतो आणि वाद मिटतो. 1876 मध्ये तो तिला फायटोफ्थोरा हे नाव देतो. अर्थ सरळ आहे: झाडांचा नाश करणारी. आज शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानत नाहीत. तिचं नातं तपकिरी समुद्रशेवाळांच्या कुळाशी जवळचं निघालं. थंड ओलाव्यात तिच्या एका बीजाणुकोशातून शेपट्या असलेले इवले जीव बाहेर पडतात आणि पानावरच्या पाण्याच्या थेंबात चक्क पोहतात. चार दिवस ऊन पडलं नाही की मालकाच्या कपाळाला आठ्या का पडतात, ते इथे कळतं.

शत्रूची ओळख पटली. त्याला दाद न देणारा बटाटा कुठे आहे, हे मात्र अजून कोणी नीट विचारलेलं नाही.

1909. हर्टफर्डशरमधलं बार्ली हे खेडं. रेडक्लिफ सॅलमन या डॉक्टराच्या परसात तुम्ही उभे आहात. क्षयरोगानं त्यांची लंडनमधली डॉक्टरकी सुटली, खेड्यात येऊन बरे झाले, आणि रिकाम्या वेळात आनुवंशिकीचा नाद लागला. प्रयोगाला बटाटा घेतला. क्यूच्या वनस्पती उद्यानातून त्यांनी एक रानटी बटाटा मागवला. आला तो चिठ्ठीवरच्या नावाचा नव्हताच. तो निघाला सोलॅनम एडिनेन्स, मेक्सिकोतल्या रानटी जातीचं रक्त असलेला. त्याच्या बियांपासून केलेली चाळीस रोपं या वाफ्यात आहेत. बेण्यापासून नव्हे, बियांपासून. म्हणून प्रत्येक रोप वेगळं, प्रत्येकाचं नशीब वेगळं.

वाफ्यात करपा आलाय. तुम्ही एकेका रोपापाशी थांबता आणि पान उलटता. लव. पुढचं, लव. पुढचं बुंध्यापासून काळं. असं करत तुम्ही एका रोपाशी येता आणि त्याच्या पानाखाली काही नाही. शेजारी मेलेली रोपं आणि मध्ये हे हिरवंगार, जणू रोग त्याला वळसा घालून गेला. चाळीसातली अशी सात निघतात. आयर्लंडच्या त्या बांधावर बसलेल्यांनंतर साठेक वर्षांनी, हातात सात हिरवी रोपं.

इथे तुम्हाला घाई होईल. हीच वाढवा, बेणं करा, वाटा. प्रजननकर्त्यांनाही तशी घाई झाली. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानबटाट्याशी संकर करून त्यांनी असे स्वच्छ पानांचे वाण तयार केले. 1930च्या दशकात जर्मनीत अशाच वाणांवर एकाएकी करपा पडला. वाण बदलला नव्हता, करपा बदलला होता. स्वच्छ पानाचं रहस्य बहुतेकदा एका जनुकात असतं. ते जनुक राखणदारासारखं आहे. ओळखीचा चोर आला की दाराला कडी घालतं. चोरानं वेष बदलला की राखणदार त्याला ओळखतच नाही, आणि घराला दुसरी भिंत नसते. डेमिसममधून अशी अकरा जनुकं एकामागून एक शोधली गेली आणि एकेक करत ती सगळी निकामी ठरली.

पण मग वाणाची खरी परीक्षा घ्यायची कुठे? जिथे चोराचे सगळे वेष एका जागी जमलेले आहेत, तिथे.

डोळे उघडा. श्वास जरा जड होईल. तुम्ही समुद्रसपाटीपासून 2,600 मीटरवर आहात. 1957चा ऑगस्ट, मेक्सिकोतलं टोलुकाचं खोरं. समोर नेवाडो दे टोलुका हा 4,680 मीटर उंचीचा निजलेला ज्वालामुखी. सकाळी त्याचं तोंड दिसतं, दुपारी ढगात जातं. आणि दुपारी पाऊस येतो. उद्या येईल, परवाही येईल. दिवसा गारवा, रात्री थंडी, पहाटे प्रत्येक पानावर पाणी. करप्यानं स्वतःसाठी घर मागितलं असतं तर ते असंच मागितलं असतं. शेतकरीही ते जाणून आहेत. पावसाळ्यात बटाटा लावायला इथे कोणी सहज धजावत नाही.

रॉकफेलर फाउंडेशन आणि मेक्सिको सरकारच्या शेतकी कार्यक्रमातले जॉन निडरहाउझर 1940च्या दशकाच्या अखेरीपासून इथे बटाट्यामागे लागलेत. (त्याच कार्यक्रमातले नॉर्मन बोरलॉग याच खोऱ्यात उन्हाळी गहू लावत होते, त्या गव्हाच्या वंशजांनी पुढे आपली पोळी बदलली.) निडरहाउझरांनी पावसाळ्यातच बटाटा लावायचं ठरवलं, आणि औषध अजिबात मारायचं नाही असंही. नंतर इतर देशांतले शास्त्रज्ञही आपापली बेणी इकडे पाठवू लागले: बघा, आमचा वाण तुमच्याकडे टिकतो का.

तुमच्या हातात पाटी, तिच्यावर कागद, कानाला पेन्सिल. काम सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे. ते मन लावून करा. दर काही ओळींनंतर एक ओळ आल्फाची, म्हणजे मेक्सिकोत रुळलेल्या, करप्याला हमखास बळी पडणाऱ्या डच वाणाची. ती मुद्दाम लावलीय. ती आधी पेटावी आणि तिच्यावरून रोग दोन्हीकडे सारखा पसरावा, कोणाला पळवाट राहू नये, म्हणून. मग प्रत्येक ओळीपुढे थांबून आकडा लिहायचा. ब्रिटिशांनी 1947 मध्ये ठरवलेलं मोजमाप आहे: झाडामागे दहापर्यंत डाग म्हणजे 1 टक्का, पन्नासच्या आसपास म्हणजे 5. जवळजवळ प्रत्येक पर्णिकेवर डाग, पण झाडाचा आकार शाबूत आणि शेत अजून हिरवंच दिसतंय, तर 25. निम्मा पाला गेला आणि हिरव्यात तपकिरी मिसळलं, तर 50. नुसत्या काड्या उरल्या की 100.

पहिल्या आठवड्यात तुमचे आवडते ठरतात. अमुक ओळ स्वच्छ, शून्य. तिच्या खुंटीवरचा क्रमांक तुम्ही पाठ करता. तिच्याशेजारची ओळ मनातून उतरते. तिच्यावर आत्ताच 1 टक्का आहे.

दुसरा आठवडा. आल्फा 50. स्वच्छ ओळ अजून शून्य. शेजारची 5.

तिसऱ्या आठवड्यात पहाटे तुम्ही सरळ आपल्या आवडत्या ओळीकडे जाता. पान उलटता. लव. दुसरं पान, लव. चार दिवसांनी तिथे 75 लिहावं लागतं. तिच्या राखणदाराला न ओळखता येणारा वेष या खोऱ्यात होता; फक्त ओळीपर्यंत पोचायला त्याला दोन आठवडे लागले. आल्फा केव्हाच 100 झालाय. आणि ती मनातून उतरलेली शेजारीण? 10. पुढच्या आठवड्यात 15. तिच्यावर डाग पडतात, पण पसरत नाहीत. पडले तरी त्यांच्यावर लव विरळ येते. ती झगडतेय. ओळीखाली बटाटे भरतायत.

निडरहाउझरांनी टोलुकात हेच पुनःपुन्हा बघितलं आणि आपल्या कामाची दिशा बदलली. त्यांनी शून्याचा नाद सोडला आणि ते थोडा रोग घेऊन तग धरणारी झाडं निवडायला लागले. अशी ताकद एका जनुकात नसते, कित्येक लहान लहान जनुकांत विखुरलेली असते. म्हणून ती मोडायला करप्यालाही कित्येक वेष एकदम बदलावे लागतात. हे कळायला किती धीर लागला असेल, याचा विचार करा. डाग पडलेलं झाड राखायचं आणि निष्कलंक झाडावर फुली मारायची, हे डोळ्यांच्या सवयीविरुद्ध आहे. 1990 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो या फुलीसाठी मिळाला.

टोलुका सोडण्याआधी पाइनच्या रानाच्या कडेला जरा चाला. ओल्या गवतात जमिनीलगत पानांचा चक्राकार पसारा आणि जांभळं फूल. हाच तो डेमिसम. उकरलात तर वाटाण्या-गोटीएवढे कंद मिळतील. तो आणि करपा या डोंगरात पिढ्यानपिढ्या शेजारी राहिलेत, एकमेकांना पुरते न मारता. इथल्या करप्याचं आणखी एक रहस्य तुम्ही आहात त्याच सुमारास उलगडतंय. जगभर त्याचा एकच जोडप्रकार होता. इथे दोन्ही आहेत, आणि ते एकत्र आले की जाड कवचाचे बीजाणू होतात, जे झाडाशिवाय मातीत तग धरतात. होर्हे गालिंदो आणि मॅनन गॅलेग्ली हे 1958 मध्ये छापतील. दुसरा जोडप्रकार मेक्सिकोबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये सापडल्याची बातमी 1984 मध्ये येईल. पुढे तो भारतातही आढळेल. सातगाव पठारावरच्या तुमच्या हातातल्या पानाशी या खोऱ्याचं नातं आहे ते असं.

आता देवदारांचा वास येतोय. 1966, जुलै. हिमाचलातलं कुफरी, अडीच हजार मीटरच्या आसपास. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला आली. तिचं हे शेत. पुण्याकडून आलेल्या माणसाला इथे आधी नवल वाटतं ते फुलांचं. आपल्याकडे बटाटा फुलला तरी त्याला फळ धरलेलं फारसं कोणी बघत नाही. इथे उन्हाळ्यात दिवस मोठे आणि हवा गार, म्हणून झाडं मनापासून फुलतात, आणि परागीकरण केलं की हिरव्या, लहान टोमॅटोसारख्या फळांचे घोस लागतात. संकर करायचा तर फूल हवं, म्हणून तर डोंगर हवा. आणि योगायोग असा, की पावसाळ्यात या धुक्यात करपाही भरपूर. लग्न आणि परीक्षा एकाच मांडवात.

छत्रीखाली वाकून तुम्ही एका ओळीतलं पान उलटता. या ओळीला अजून नाव नाही, नुसता क्रमांक आहे. दोन वर्षांनी, 1968 मध्ये, ती ‘कुफरी ज्योती’ म्हणून शेतकऱ्यांकडे जाईल आणि डोंगरातून खाली उतरत देशभर पसरेल. तिच्यातही डेमिसमचं रक्त आहे. तिच्याकडे बघताना आता तुम्हाला टोलुकातली स्वच्छ ओळ आठवते, आणि ती भीती खरी ठरते: काही वर्षांनी करप्यानं ज्योतीचीही कडी उघडली. तरी ज्योती गेली नाही. कंद चांगला, हवामानाचे लाड नाहीत. लोकांनी फवारणी करून तिला सांभाळलं. इथल्याच ओळींतून पुढे 2006 मध्ये हिमालिनी आली, 2008 मध्ये गिरधारी. पान उलटायचं काम काही थांबलं नाही.

तिथल्या प्रयोगशाळेतही पाच मिनिटं बसा. ट्रेमध्ये ओला कागद, त्यावर पर्णिका पालथ्या मांडलेल्या. बीजाणूंचं पाणी आधी थंड करून ठेवलंय, गारव्यानं ते पोहणारे जीव बाहेर येतात. प्रत्येक पर्णिकेवर एक थेंब. ट्रे झाकायचा, 18 अंशांच्या आसपास ठेवायचा, आठवड्याच्या आत उघडायचा आणि डाग पट्टीनं मोजायचा. शेकडो रोपांची पहिली चाळणी अशी होते. तिच्यातून उरलेलं रोप शेतात टिकेलच असं नाही. त्यासाठी त्याला धुक्यातच उभं करावं लागतं, एक हंगाम, दुसरा हंगाम, वेगळ्या डोंगरावर तिसरा.

धुकं पुन्हा दाट होतं, आणि पायाखाली तोच काळा चिखल येतो.

सातगाव पठार. हातातलं पान जरा मलूल झालंय. खालच्या शेतातून फवारणी पंपाचा आवाज येतोय. शेजाऱ्यानं आज दुसऱ्यांदा औषध काढलंय. मालक वरच्या कोपऱ्यातल्या चार सऱ्यांकडे चालू लागतो. तुम्ही मागोमाग. तो पहिल्या सरीत उकिडवा बसतो, बुडाजवळची पानं एकेक उलटतो.

“हे बघा. हिच्यावर पन आलाय.” आवाजात थोडी निराशा. “चार डाग हायेत. पायजे तर औषध मारून टाकतो आजच.”

तुम्हीही बसता. चार डाग. आकडा लिहिण्याची सवय लागलेला हात पेन शोधतो. डागांच्या कडेची लव तुम्ही नीट बघता. विरळ आहे, हातातल्या पानावर होती तशी दाट नाही.

“एवढ्यात नको मारू,” तुम्ही म्हणता. “या झाडाला एक खूण कर.”

तो बांधावरची एक काटकी मोडतो, तिला पिशवीची लाल चिंधी बांधतो आणि वरंब्यात खोचतो. मग बोटं मोडून हिशेब करतो.

“आज मंगळवार. मंग रविवारी या, सकाळच्या पारी. ऊन पडायच्या आत.”